टॅरंटुलाने दार लावून घेतलंय, आता काय करायचं?

आमच्या ठकीने, म्हणजे घरी पाळलेल्या टॅरंटुलाने (मोठ्या केसाळ कोळ्याने), २०२२च्या दसऱ्याला शेवटचा रातकिडा खाल्ला. आठ दिवसांनी सोडलेला दुसरा रात्रभर तिच्याभोवती बागडत होता. एकदा तर तो तिच्या पायावरच चढला. तिने तो पाय सावकाश उचलून बाजूला ठेवला, बस. कार्तिकी एकादशी उलटली आणि एका सकाळी बिळाचं तोंडच सापडेना. भोक होतं तिथे माती आणि रेशीम कालवून केलेलं बूच, वरून अंगण सारवावं तसं सपाट. साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. फोन काचेपाशी नेऊन तिला दाखवलं तर म्हणाली, "गेलं असेल गं ते. कुंडीत पुरून टाक आणि हात धू."

पुढचे पाच महिने ठकी त्या बुचामागे होती, धडधाकट.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात ओळखीच्या एखाद्या मराठी घरातून हाच प्रश्न येतो. मुलांच्या हट्टापायी टॅरंटुला आणला, आता खात नाही, हलत नाही, मेला का? दर वेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. ठकी अ‍ॅफोनोपेल्मा हेंत्झी जातीची मादी आहे, दुकानांत 'टेक्सास ब्राऊन' म्हणून मिळते ती. माझा हात मुख्यतः याच जातीवर बसलाय. बाकीच्या जातींत फरक पडतो तिथे तसं सांगेन.

थंडीत होतं काय

कोळ्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. खोलीचं तापमान तेच त्याचं. २६ अंशांची खोली १८वर आली की पचन, श्वास, हालचाल सगळ्यालाच ओढ लागते आणि अन्नाची गरजही तशीच घटते. चालणं तर डोळ्यांना दिसेल इतकं मंद होतं. कोळी पाय दुमडतो स्नायूंनी, पण मुख्य सांध्यांशी ते ताणतो अंगातल्या द्रवाच्या दाबाने, जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर उघडतो तसा. हा दाब पुढे पाण्याचं बोलताना परत येईल, तेव्हा लक्षात ठेवा.

याला सगळे शीतनिद्रा म्हणतात, मीही बोलताना म्हणते, पण अस्वलासारखी ही गाढ झोप नसते. बुचावर माती पडली तर आतून ते परत नीट केलेलं मी पाहिलंय. घरात पाळलेले काही कोळी तर जानेवारीत एखाद्या रात्री दार उघडून पाणी पितात आणि परत आत जातात. सुप्तावस्था हा शब्द जास्त बरोबर.

ही सवय कुठून आली ते पाहायचं तर आमच्याकडून तीनेक तासांवरच्या ला हंटा गावाकडे जावं लागतं. गावाच्या दक्षिणेला कोमँची नॅशनल ग्रासलँड नावाचा गवताळ माळ पसरलाय. तिथे हिवाळ्यात जमीन वरून गोठते, पण बिळाच्या तळाशी तापमान फारसं हलत नाही. मादी आणि पिल्लं तोंड बुजवून त्या तळाशी बसून राहतात. बुचामुळे गार वारा, वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि मुंग्या बाहेरच राहतात.

नरांची गोष्ट वेगळी. वयात आलेले नर सप्टेंबर-ऑक्टोबरात बिळं कायमची सोडून माद्यांच्या शोधात निघतात. ते बघायला लोक लांबून येतात, २०२२पासून ला हंटात त्यासाठी उत्सवही भरतो. आम्ही गेलो तेव्हा ऊन कलल्यावर पहिला दिसला: काळपट, पाय लांबच लांब, डांबरी रस्त्यावर एक-एक पाय चाचपत टाकत, कुठलीही घाई नसल्यासारखा. थंडी पडेपर्यंत यातले बहुतेक मरतात. हे इथे सांगण्याचं कारण आहे, ते तिसऱ्या पायरीत येईल.

पहिली पायरी: जात नक्की करा

बिलावर नुसतं 'टॅरंटुला' लिहिलेलं चालणार नाही. विकणाऱ्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या, कारण हिवाळ्याचा सगळा हिशेब त्या नावावर ठरतो.

अ‍ॅफोनोपेल्मा गटातले, म्हणजे टेक्सास ब्राऊन किंवा अ‍ॅरिझोना ब्लाँड, दार लावून घेण्यात पटाईत. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा रेड नी, ब्रॅकीपेल्मा हॅमोराय, हिवाळ्यात म्हणजे त्याच्या कोरड्या ऋतूत मंदावतो, महिनोन्महिने खात नाही, पण अनेकदा उघड्यावरच बसून राहतो. चिलीचा रोझ तर नवख्यांना रडवणारा. तो दक्षिण गोलार्धातला, तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट. रानातून पकडून आणलेला असेल तर त्याचं घड्याळ बराच काळ उलटंच चालू शकतं, आणि वर्षभर अन्नाला न शिवलेल्या चिली रोझच्या कहाण्या तुम्हाला कुठेही ऐकायला मिळतील.

झाडावर राहणाऱ्या पिंक टो जाती, किंवा दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनातला अगडबंब गोलायथ, यांच्या घरी असा हिवाळाच नसतो. त्यांना सुप्तावस्थेत घालायचा विचारही करू नका. खोली २२ अंशांच्या वर ठेवा, आणि ते गप्प झाले तर थंडीवर खापर न फोडता दुसरं कारण शोधा.

दुसरी पायरी: ऑक्टोबरातच घर लावून द्या

एकदा दार लागलं की आत काही करता येत नाही, म्हणून तयारी आधी. बीळ करणाऱ्या मोठ्या मादीला सहा ते आठ इंच माती हवी. मी खत-कीटकनाशक नसलेली साधी माती आणि कोकोपीट मिसळून हाताने चांगली दाबते, मुठीत धरल्यावर लाडवासारखी वळली पाहिजे. नुसतं कोकोपीट भुसभुशीत राहतं, बीळ ढासळतं. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर कोळ्याच्या पाय पसरलेल्या लांबीच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवू नका. जाड अंगाचा कोळी काचेवर चढून वरून पडला तर पोट फुटून मरतो. थंडीतही आणि उन्हाळ्यातही.

पेटी ठेवायची जागा बदलायची असेल तर आताच बदला. खिडकीची कड नको: रात्री काच बर्फासारखी होते आणि दुपारी उन्हाने तापते. हीटरची गरम हवा जिथून येते त्या झरोक्यासमोरही नको. आमची पेटी पुस्तकांच्या कपाटात, आतल्या भिंतीला लागून खालच्या फळीवर आहे. दिवसा २० ते २१ अंश, रात्री १८. तुम्हाला अंगात स्वेटर घालून बसवेल अशी खोली बहुतेक जातींना चालते. तापमान पंधराच्या खाली जाऊ देऊ नका. मुद्दाम तळघरात नेऊन गारठा देण्याचे प्रयोग पैदास करणारे करतात. तुमचा पहिला हिवाळा असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेवटचं काम खाऊ घालण्याचं. पोट पाठीच्या कवचापेक्षा किंचित मोठं, गोलसर दिसलं की पुरे. आपल्याकडे उपासाच्या आदल्या रात्री दडपून जेवतात, तसं हिला भरवायचं कारण नाही. फुगून द्राक्ष झालेलं पोट पडल्यावर लवकर फुटतं.

तिसरी पायरी: खाणं का सोडलं, ते ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा रेंगाळते.

कात टाकायची वेळ आली असेल तरी कोळी असाच वागतो: खात नाही, कधी दार लावतो. पोटावर केस झडून टक्कल पडलं असेल तर तो भाग आधी गुलाबी-मातकट असतो आणि कात जवळ आली की काळा, चकचकीत होतो, कारण खालचे नवे केस दिसू लागतात. हिवाळा की कात, हे बुचाबाहेरून कळत नाही. आणि कळून उपयोगही नाही, दोन्हींवर उपाय एकच: हात लावू नका. कात टाकताना टॅरंटुला पाठीवर उताणा पडतो, तासन्‌तास. नवखी माणसं नेमकी याच वेळी 'मेला, मेला' म्हणून त्याला सुलटा करतात आणि खरंच मारतात.

तुमचा कोळी नर निघाला, तर हिवाळ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. वयात आलेला नर ओळखायला सोपा: तोंडाजवळचे दोन आखूड पाय टोकाला बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घातल्यासारखे फुगलेले, आणि या जातीत पुढच्या पायांवर आतल्या बाजूला बारीक आकडा. ऑक्टोबरात तो खात नाही, रात्रभर काचेवर फेऱ्या मारतो. त्याचं आयुष्यच संपत आलेलं असतं. पाणी ठेवा, जमेल तितकं खाऊ द्या. हेंत्झीचा नर वयात यायला सात-दहा वर्षं घेतो, मादी त्यानंतरही दोन-दोन दशकं जगते. मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं.

आता तहान. हिवाळ्यात टॅरंटुला थंडीने मरण्यापेक्षा कोरडेपणाने मरण्याचं भय जास्त. घरातलं हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी होते की आपले ओठ फुटतात, तीच हवा पेटीत जाते. अंगातला द्रव कमी झाला की पायांत दाब राहत नाही आणि पाय आपोआप पोटाखाली आवळले जातात. मघाचा जेसीबी आठवा, तेल गळून गेलेला. पोट सुरकुतलेलं, मनुकेसारखं, आणि कोळी पाण्याच्या भांड्यावर वाकून बसलेला, ही धोक्याची खूण.

म्हणजे डोळ्यांसमोर ठेवायचं चित्र असं. उताणा, पाय हवेत पसरलेले: कात, दूर राहा. सुलटा, पाय अंगाजवळ घेऊन पण तळवे जमिनीवर टेकलेले: आराम करतोय. सुलटा, पाय पोटाखाली मुठीसारखे वळलेले: संकट, लगेच पाणी.

ते पाणी कसं द्यायचं? उथळ बशीत अगदी थोडं घ्या, कोळ्याला चमच्याने किंवा पुठ्ठ्याने हळूच सरकवून फक्त तोंडाचा भाग पाण्यात येईल असं ठेवा. पोट पाण्याबाहेरच हवं. श्वास घ्यायच्या फटी पोटाच्या खालच्या बाजूला असतात, त्या बुडाल्या तर तहानलेल्याला तुम्हीच बुडवाल. तासाभरात पाय सैल होऊ लागले तर वाचला म्हणायचा.

चौथी पायरी: दार लागल्यावर

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवायचं. आठवड्यातून एकदा पेटीच्या एका कोपऱ्यात, बिळापासून दूर, काचेच्या कडेने थोडं पाणी ओतायचं, म्हणजे ते खाली मुरतं आणि तळाची माती किंचित ओलसर राहते, वरची कोरडी. हेंत्झीला एवढंच पुरे. स्प्रेने फवारे मारणं बंद: वरवर ओलं होतं, आत काही पोचत नाही, बुरशी मात्र धरते.

पिल्लांच्या बाबतीत हात आखडू नका. नखाएवढं पिल्लू दार लावून महिना-महिना गायब होतं हे खरं, पण त्याच्या अंगात पाणी ते किती? त्याच्या डबीतली अर्धी माती कायम ओलसर हवी.

दार बंद असताना रातकिडा आत टाकायचा नाही. दार उघडं आहे पण कोळी मंदावलाय, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा, एकच, छोटा. चोवीस तासांत खाल्ला नाही तर चिमट्याने बाहेर. राहिलेला रातकिडा भुकेला होतो, आणि कात टाकलेला कोळी त्या वेळी लोण्यासारखा मऊ असतो. रातकिडा त्याला कुरतडतो.

मी सगळी नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर करते, दुधाचा हिशेब लिहितात तशी. '१३ ऑक्टोबर, नको म्हणाली.' '७ नोव्हेंबर, दार बंद.' '९ जानेवारी, बुचाला तडा, दुसऱ्या दिवशी बुजलेला.' दुसऱ्या वर्षी ही पानं शेजारी धरली की तुमच्या कोळ्याचं वेळापत्रक दिसतं आणि जिवाची निम्मी घालमेल तिथेच संपते. आईला हे दाखवलं तेव्हा तिचं मत बदललं होतं. "म्हणजे आपला चातुर्मास संपला की हिचा सुरू," म्हणाली.

उकरून बघायचा मोह होणार. मलाही झाला. डिसेंबरात एका रात्री मी चमचा घेऊन उभी होते, नवऱ्याने काढून घेतला. बीळ ढासळलं तर थंडीत मंद झालेल्या कोळ्याला नवं खणायला ताकद नसते. खात्री हवीच असेल तर काचेला लागून गेलेला बिळाचा भाग दिसतो का पाहा, लाल टॉर्चने. आत मेलेला कोळी काही दिवसांत वासावरून कळतो, बारीक माश्याही घोंगावतात. वास नाही, माश्या नाहीत, तर थांबा.

तापवायच्या गादीबद्दल दोन शब्द, कडक

पहिल्याच हिवाळ्यात दुकानदाराने सांगितलं म्हणून मी हीट मॅट आणली आणि पेटीच्या तळाला चिकटवली. रानातल्या कोळ्याला कळतं ते एकच: ऊन लागलं की खाली जा, खाली गार असतं. मॅटवर हे उलटं होतं. ठकी तापली तसतशी खाली गेली, आणि खाली तापमापकाचं टोक खुपसून पाहिलं तर ३४ अंश. दोन रात्री ती काचेला चिकटून उभी होती, मला वाटलं खेळतेय. मॅट काढली त्या रात्री ती खाली उतरली. गारठा फार असेल तर खोली गरम करा. तेही जमत नसेल तर मॅट पेटीच्या बाजूला, बाहेरून, थर्मोस्टॅट लावून. तळाशी कधीच नाही. दिवे तर नकोतच, ते हवा आणखी वाळवतात.

बर्फाच्या वादळात वीज गेली तर? पेटी उचलून पिकनिकच्या मोठ्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून, पेटीला न टेकता. झाकण बोटभर उघडं. बाटल्या तीन-चार तासांनी बदला. काही तासांच्या गारठ्याने हेंत्झीला काही होत नाही. पिंक टोवाल्यांनी मात्र हे खोकं ऑक्टोबरातच तयार ठेवावं.

पाचवी पायरी: दार उघडल्यावर

पहिल्या दिवशी फक्त ताजं पाणी. नंतर आठवडाभर काही नको. आत असताना कात टाकली असेल तर जुनी कात बिळातून ढकलून बाहेर आलेली दिसेल, चुरगळलेल्या मोज्यासारखी. अशा वेळी सुळ्यांचा रंग बघा: पांढरे किंवा लालसर असतील तर ते अजून मऊ आहेत, पूर्ण काळे होईपर्यंत, मोठ्या कोळ्याला निदान दोन आठवडे, खायला देऊ नका. कात हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचला. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावरचे केस कातडीत आणि डोळ्यांत घुसतात, ते कातीवरही असतात. पेटीची साफसफाईही उन्हाळ्यापर्यंत लांबवा. उठल्याउठल्या कुणी अंथरूण झटकायला घेतलं तर आपल्यालाही आवडत नाही.

भारतातल्यांसाठी

पुण्या-मुंबईकडून विचारणा येते म्हणून. मेक्सिकोचे रेड नी आणि आपल्याकडचे पोएसिलोथेरिया हे झाडावरचे टॅरंटुला दोन्ही 'साइट्स' (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २मध्ये आहेत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात अशा परदेशी जाती बाळगण्याची नोंदणी करावी लागते. ती नोंद नसेल तर विकत घेऊ नका. सह्याद्रीत पावसाळ्यात दरडीला रेशमी अस्तर लावलेलं गोल बीळ दिसलं तर बॅटरी मारून बघा, हवं तर फोटो काढा आणि पुढे चला. आपल्याकडच्या टॅरंटुलांना ते झोंबणारे केस नसतात, ते थेट चावतात, आणि तो चावा चांगलाच बाधतो. शिवाय कोयनेच्या दमट मातीतल्या कोळ्याला वर लिहिलेला डेन्व्हरचा कोरडा हिवाळा लावणं म्हणजे त्याला वाळवणंच.

ठकी त्या वर्षी पाडव्याला येईल असं मुलाने पैजेवर सांगितलं होतं. २२ मार्च गेला, बूच जागच्या जागी. २ एप्रिलच्या रात्री पाणी प्यायला उठले तर काचेमागे दोन पाय बाहेर, भांड्याच्या काठावर टेकलेले, आणि तोंड पाण्यात. दिवा न लावता मी तशीच उभी राहिले. वीसेक मिनिटं ती पीत होती. पहिला रातकिडा तिने नाकारला. दुसरा १९ एप्रिलला घेतला, कालनिर्णयच्या चौकोनात तेवढंच लिहिलंय: 'जेवली.'